वजनाचा काटा अडतो का, आणि एकाएकी उतरतो का?

वजन कमी करण्याचा संकल्प ज्यांनी कधी मनापासून पाळला आहे, त्यांना हा अनुभव वेगळा सांगावा लागत नाही. पहिल्या आठवड्यात काटा झपाट्याने खाली येतो. दुसऱ्या आठवड्यात त्याचा वेग मंदावतो. मग एक टप्पा असा येतो की आहार तोच, चालणे तेच, पथ्य तेच. पण काटा जागचा हलत नाही. दहा दिवस जातात, पंधरा जातात, क्वचित तीन आठवडेही जातात. आणि मग एखाद्या सकाळी, आदल्या दिवशी विशेष काहीही केलेले नसताना, तो एकदम किलो-सव्वा किलोने उतरलेला दिसतो.

हा प्रकार आहारपद्धतीवर अवलंबून नाही. डॉ. श्रीकांत जिचकर यांच्या व्याख्यानांतून पुढे आलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी महाराष्ट्रात घरोघरी पोहोचवलेली दोन वेळाच जेवण्याची पद्धत असो, की ऋजुता दिवेकर यांनी २००९ च्या पुस्तकात मांडलेला दर दोन तासांनी थोडे थोडे खाण्याचा आग्रह असो. दोन्हींचे अनुयायी एकमेकांशी कितीही वाद घालोत, दोघांच्याही वह्यांतील वजनाचा आलेख जिन्यासारखाच दिसतो. या जिन्याची सपाट पायरी मात्र फार घातक ठरते. ‘आपल्या शरीराला हे मानवतच नाही’ असे म्हणून प्रयत्न सोडणारे बहुतेक जण याच पायरीवर सोडतात. दुसरे काही जण घाबरून जेवण आणखी तोडतात, किंवा कुणाच्या तरी सल्ल्याने लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेतात. म्हणून काटा का अडतो, हे समजून घेणे ही केवळ कुतूहलाची बाब नाही.

६५ ग्रॅमचा हिशेब

मुळाशी एक साधे गणित आहे. शरीरातील एक किलो मेदऊतीमध्ये सुमारे ७,७०० उष्मांकांचा साठा असतो. (येथे उष्मांक म्हणजे किलोकॅलरी; व्यवहारात आपण तिलाच कॅलरी म्हणतो.) एखाद्याने आपल्या गरजेपेक्षा रोज ५०० उष्मांक कमी घेतले, आणि ही काही थोडी कपात नव्हे, तर त्याची रोज सुमारे ६५ ग्रॅम चरबी खर्ची पडते. आठवड्याला साधारण ४५० ग्रॅम.

आता हे ६५ ग्रॅम ज्या शरीरातून कमी व्हायचे, त्याच्या इतर उलाढाली पाहा. सत्तर किलोच्या पुरुषाच्या शरीरात ४० लिटरच्या आसपास पाणी असते. स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण थोडे कमी. या साठ्यात दिवसाकाठी दोन-अडीच लिटरची आवकजावक चालू असते. आतड्यांत पचत असलेल्या आणि पचून गेलेल्या अन्नाचे वजन वेगळेच. त्यामुळे निरोगी माणसाचे वजन एका दिवसात किलोभर वरखाली होणे अगदी स्वाभाविक आहे. ज्या तराजूवर किलोभराचे हेलकावे रोजचेच आहेत, त्यावर ६५ ग्रॅमची घट दिसावी कशी? ती दिसायला पंधरा दिवस जावे लागतात. तेव्हा कुठे ती हेलकाव्याएवढी मोठी होते.

चरबी किती सावकाश झिजते, याची कल्पना येण्यासाठी रत्नागिरी जिल्ह्यातील एका जुन्या पायपिटीचे उदाहरण घेता येईल. दापोली तालुक्यातील मुरुड हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे गाव. १८७५ साली, वयाच्या अठराव्या वर्षात असताना, परीक्षेला बसण्यासाठी ते मुरुडहून सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्याला गेले. अंतर सुमारे ११० मैल, म्हणजे पावणेदोनशे किलोमीटरच्या घरात. साताऱ्याला पोहोचल्यावर मात्र हा मुलगा सतरा वर्षांचा दिसतच नाही, असे सांगून त्यांना परीक्षेला बसू दिले नाही. अंगकाठीवरून माणसाविषयी निष्कर्ष काढण्याचा हा नमुना महाराष्ट्रातील वाचकांना ठाऊकच आहे.

आपल्यापुरता प्रश्न असा, की आज साठ किलो वजनाचा कोणी मुरुडहून साताऱ्यापर्यंत चालत गेला, तर त्याची चरबी किती कमी होईल? सपाटीवर एक किलोमीटर चालण्यासाठी अशा माणसाला साधारण ४५ उष्मांक लागतात. पावणेदोनशे किलोमीटरचे झाले सुमारे ८,००० उष्मांक. म्हणजे एक किलो चरबी, घाटाची चढण धरली तर त्याहून थोडी अधिक. आणि तीही वाटेत नेहमीपेक्षा एक घासही जास्त न खाता! एका किलोसाठी सह्याद्री ओलांडावा लागतो. मग ‘सात दिवसांत पाच किलो’ अशी हमी देणाऱ्या जाहिराती कोणत्या पाच किलोंविषयी बोलत असतात? ते बहुतांशी पाणी असते.

पहिल्या आठवड्याची फसवी मिळकत

पथ्य सुरू केल्यावर पहिल्या काही दिवसांत वजन भराभर उतरते, याचे कारण ग्लायकोजेन. भात, पोळी, भाकरी, साखर यांतून मिळणाऱ्या कर्बोदकांचा काही भाग शरीर यकृतात आणि स्नायूंत या रूपाने साठवते. प्रौढ माणसात हा साठा साधारण ४०० ते ५०० ग्रॅमचा असतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. आहार तोडला, विशेषतः भात-पोळी तोडली, की शरीर आधी हा साठा वापरते. साठा गेला की त्याच्याबरोबरचे पाणीही जाते. शिवाय कर्बोदके कमी झाल्याने रक्तातील इन्शुलिनची पातळी उतरते आणि मूत्रपिंडे अधिक सोडियम बाहेर टाकू लागतात. सोडियमच्या मागोमाग आणखी पाणी जाते. दीड-दोन किलो असे सहज उतरतात.

यात खोटे काही नाही. वजन खरोखरच कमी झालेले असते. फक्त ती चरबी नसते. आणि ज्या वेगाने ते गेले, त्याच वेगाने एका लग्नाच्या पंक्तीत परत येते. एकादशीच्या उपवासानंतर द्वादशीला काटा किलोभर खाली दिसतो, तोही याच न्यायाने. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ असा उपवास असेल तर तेवढेही दिसणार नाही, हे सांगायला नकोच.

पहिल्या आठवड्याचा खरा तोटा असा, की तो अपेक्षा बिघडवतो. आठवड्याला दोन किलो या हिशेबाने माणूस महिन्याअखेरचे स्वप्न रंगवतो आणि मग आठवड्याला ४५० ग्रॅमचा खरा वेग त्याला अपयश वाटू लागतो.

मीठ, पाणी आणि कोकणचे जेवण

शरीर पाण्याचे प्रमाण राखते ते मुख्यतः मिठाच्या हिशेबाने. पेशींबाहेरच्या द्रवात मिठाचे प्रमाण लिटरला साधारण नऊ ग्रॅम असते आणि मूत्रपिंडे ते कसोशीने सांभाळतात. नेहमीपेक्षा साडेचार ग्रॅम मीठ जास्त गेले, म्हणजे जेमतेम एक लहान चमचा, तर ते बाहेर टाकले जाईपर्यंत त्याच्यासाठी अर्धा लिटर पाणी शरीरात अडकून पडते. काट्यावर हा सरळ अर्धा किलो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ घेण्यास सांगते. आपल्या घरांतून ही मर्यादा सहज ओलांडली जाते.

मुंबई-पुण्याहून मुरुड-कर्द्याच्या किनाऱ्यावर चार दिवस राहून आलेल्या पर्यटकाचे उदाहरण घ्या. सकाळी पोहे आणि लोणचे, दुपारी हर्णै बंदरावरची ताजी मासळी आणि भात, आगळाची सोलकढी, सोबत पापड आणि मिरगुंडे, रात्री पुन्हा भात. कोकमाचे आगळ टिकावे म्हणून त्यात सढळ हाताने मीठ घातलेले असते, ही गोष्ट सोलकढीची वाटी रिकामी करताना लक्षात येत नाही. पावसाळ्यात गेला, तर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असल्याने ताज्या मासळीची जागा सुके बोंबील, सुकट आणि खारा बांगडा घेतात. म्हणजे मिठाचा भरणा आणखी वाढला. परत आल्यावर हा गृहस्थ काट्यावर उभा राहतो आणि दोन किलो वाढलेले पाहून हवालदिल होतो.

दोन किलो चरबी चार दिवसांत साठवायची, तर गरजेपेक्षा रोज सुमारे ३,८०० उष्मांक जास्त खावे लागतील. उकडीच्या मोदकांवर कितीही प्रेम असले तरी हे अवघडच. या दोन किलोंमध्ये चरबी असेल पाव-अर्धा किलो. बाकी भाताने भरून आलेले ग्लायकोजेन, त्याचे पाणी, मिठाचे पाणी आणि पोटातले अन्न. घरचे जेवण सुरू झाल्यावर तीन-चार दिवसांत, रात्री एक-दोनदा लघवीसाठी उठावे लागून, यातले बरेचसे निघून जाते. ज्याने सहलीनंतर लगेच पथ्य सुरू केले असेल त्याला ही पथ्याची किमया वाटते.

अडलेला काटा आणि झाकलेली घट

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ७८ किलो वजनाच्या एका व्यक्तीने रोज ५०० उष्मांकांची कपात केली आणि जोडीला व्यायामही सुरू केला, असे समजा. तीन आठवड्यांत तिची सुमारे १,३५० ग्रॅम चरबी कमी होईल. पण याच काळात शरीरात १,३०० ग्रॅम पाणी जास्तीचे साठले, तर काटा तीन आठवड्यांनंतरही ७८ च्या आसपासच राहील. मग काही कारणाने ते पाणी दोन रात्रींत निघून गेले, की काटा ७६.७ वर येईल. घरचे म्हणतील, दोन दिवसांत सव्वा किलो! प्रत्यक्षात ती तीन आठवड्यांची मजुरी असते, एकरकमी मिळालेली.

हे जास्तीचे पाणी येते कोठून? एक वाटेकरी व्यायाम स्वतःच आहे. सवय नसलेल्या स्नायूंवर ताण पडला की त्यांच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि दुरुस्तीच्या काळात तेथे द्रव साठतो. व्यायामशाळेत नाव घातल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत जिना उतरताना मांड्या बोलतात, ती हीच दुरुस्ती. नियमित दमश्वासाच्या व्यायामाने रक्तातील द्रवाचे प्रमाणही वाढते, आणि ते हृदयाच्या दृष्टीने हिताचे असते. म्हणून व्यायामाला प्रारंभ केल्यावर पहिल्या महिन्यात वजन न हलणे, किंबहुना थोडे वाढणे, हे वाईट लक्षण नव्हे.

स्त्रियांच्या बाबतीत मासिक पाळी हे सर्वांत ठळक कारण. पाळीपूर्वीच्या आठवड्यात संप्रेरकांच्या बदलांमुळे अनेकींच्या शरीरात अर्धा ते दोन किलो पाणी साठते आणि पाळी सुरू झाल्यावर ते उतरते. याचा अर्थ असा, की महिन्याच्या पहिल्या आठवड्यातील वजनाची तुलना तिसऱ्या आठवड्याशी करणे निरर्थक आहे. तुलना करायची ती मागच्या चक्रातील त्याच दिवसांशी. इतकी साधी गोष्ट वजन घटवण्याच्या वर्गांतून क्वचितच सांगितली जाते. तेथे दर सोमवारी सर्वांना एका रांगेत काट्यावर उभे करतात आणि ज्यांचे उतरले नाही त्यांना खाली मान घालायला लावतात.

अपुरी झोप, मानसिक ताण आणि खुद्द उपासमार यांनी कॉर्टिसोल हे संप्रेरक वाढू शकते, आणि त्याचा एक परिणाम मीठ व पाणी धरून ठेवण्याकडे असतो. फार कडक पथ्य, दोन-दोन तास व्यायाम आणि रोज सकाळी काट्याची धास्ती हे तिन्ही एकत्र आले, की काटा अधिकच हट्टी होतो, असे अनेकांना आढळते ते बहुधा यामुळे. एखाद्या दिवशी पोटभर जेवून शांत झोप लागल्यावर दुसऱ्या सकाळी वजन उतरलेले दिसते, या विरोधाभासाचाही उलगडा यातून काही अंशी होतो.

याविषयी एक कल्पना फार लोकप्रिय आहे. चरबी निघून गेल्यावर मेदपेशी रिकाम्या राहतात, त्यांत पाणी भरते, आणि काही दिवसांनी त्या ते पाणी एकदम सोडून देतात, असे सांगितले जाते. ऐकायला ती पटण्यासारखी आहे, पण तिला भक्कम पुरावा नाही. मेदपेशी म्हणजे मडके नव्हे, की तेल ओतून काढले आणि पाणी भरले. चरबीचा थेंब आक्रसतो तशी पेशीही आक्रसते. पाणी साठते ते मुख्यतः पेशींच्या अवतीभवती आणि स्नायूंत. एकाएकी होणारी घट खरी असते. तिचे हे स्पष्टीकरण मात्र खरे मानण्याचे कारण नाही.

उपासमारीत पाणी कसे साठते, याची सर्वांत बारकाईने केलेली नोंद अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठातील आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस युरोपातील उपासमारग्रस्तांना पुन्हा कसे सावरावे, हे ठरवण्यासाठी अँसेल कीज यांनी ३६ तरुणांवर हा प्रयोग केला. सद्सद्विवेकबुद्धीला स्मरून युद्धात लढण्यास नकार दिलेले हे तरुण स्वेच्छेने त्यात उतरले होते. फेब्रुवारी १९४५ पासून चोवीस आठवडे त्यांना साधारण निम्म्या आहारावर ठेवण्यात आले आणि आठवड्याला २२ मैल चालवण्यात आले. त्यांचे सरासरी वजन ६९.४ किलोवरून ५२.६ किलोवर आले. पण बरगड्या मोजता याव्यात असे देह झालेले असतानाही त्यांचे घोटे आणि चेहरे सुजलेले होते. मांस आणि मेद झडत होते, पेशींबाहेरचे पाणी मात्र जवळजवळ होते तेवढेच राहिले होते; आणि त्यामुळे खरी झीज काट्यावर पुरती दिसत नव्हती. १९५० साली दोन खंडांत प्रसिद्ध झालेला या प्रयोगाचा वृत्तांत आजही या विषयावरील आधारग्रंथ मानला जातो. आपल्याकडे दुष्काळाच्या वर्षांत हाडांच्या सापळ्यांना येणारी सूज पाहिलेल्यांना यात नवे काही वाटले नसते.

चरबी शेवटी जाते कोठे, हाही प्रश्न अनेकांना पडतो. घामावाटे, असे बहुतेकांचे उत्तर. ते बरोबर नाही. ऑस्ट्रेलियातील रुबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राउन यांनी २०१४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हा हिशेब मांडला. दहा किलो चरबी पूर्ण जळाली, तर तिच्यातील ८.४ किलो कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने श्वासावाटे बाहेर पडते आणि १.६ किलोचे पाणी होते. म्हणजे घाम गाळणारे पट्टे, प्लॅस्टिकचे कपडे आणि वाफेच्या खोल्या यांतून जे जाते ते पाणी. चरबी जाते नाकावाटे, आणि त्यासाठी पैसे पडत नाहीत.

खरोखरीच अडलेले वजन

वर सांगितलेले सर्व अडथळे दिखाऊ आहेत. आत घट चालू असते, फक्त दिसत नाही. पण सहा-आठ महिन्यांनंतर, किंवा शरीराच्या दहाव्या हिश्श्याएवढे वजन उतरल्यावर, जो थांबा येतो तो बहुधा खरा असतो. दोहोंत फरक करता आला पाहिजे.

लहान झालेल्या शरीराला कमी उष्मांक पुरतात, हे उघड आहे. ७८ किलोचा भार वाहणाऱ्याला जेवढे लागते तेवढे ६८ किलोच्याला लागत नाही. याशिवाय शरीर स्वतःहूनही खर्चात काटकसर करते. रूडॉल्फ लायबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली दाखवून दिले, की दहा टक्के वजन घटलेल्यांचा ऊर्जाव्यय, केवळ घटलेल्या वजनावरून अपेक्षित होता त्याहूनही अधिक उतरतो. अमेरिकेतील वजन घटवण्याच्या एका दूरचित्रवाणी स्पर्धेतील १४ जणांची सहा वर्षांनंतर तपासणी केली, तेव्हा विश्रांतीच्या वेळचा त्यांचा ऊर्जाव्यय अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० उष्मांकांनी कमी आढळला. केविन हॉल यांचा तो अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. स्पर्धेतील घट मात्र फारच तीव्र होती, त्यामुळे तो आकडा सर्वांना जसाच्या तसा लावू नये.

हॉल यांच्याच गटाचे दुसरे एक अनुमान अधिक उद्बोधक आहे. घटलेल्या प्रत्येक किलोमागे ऊर्जेचा खर्च दिवसाला २०-३० उष्मांकांनी कमी होतो. पण भूक वाढते ती सुमारे १०० उष्मांकांनी. म्हणजे चयापचय मंदावल्याची तक्रार आपण करतो खरी. पण पारडे फिरवते ती भूक. दहा किलो उतरवलेल्या माणसाची भूक पूर्वीपेक्षा रोज हजार उष्मांकांनी जास्त मागत असते, आणि ही मागणी महिनोन्‌महिने चालू राहते. तिला कोठे ना कोठे वाट मिळतेच. कालवणात नारळाचे वाटण थोडे दाट होते, फोडणीला तेल एक चमचा जास्त पडते आणि त्या एका मोठ्या चमच्याचे १२० उष्मांक होतात.

हे सांगितले की माणसे दुखावतात. ‘मी काहीच खात नाही’ असे म्हणणारा खोटे बोलत नसतो. त्याला तसेच वाटत असते. न्यूयॉर्कमध्ये १९९२ साली अशा दहा जणांची तपासणी झाली. दिवसाला १,२०० पेक्षा कमी उष्मांक घेऊनही आपले वजन उतरत नाही, अशी त्यांची तक्रार होती. त्यांचा चयापचय तपासला, तो व्यवस्थित होता. आपण किती खातो, हे ते प्रत्यक्षापेक्षा सरासरी ४७ टक्क्यांनी कमी सांगत होते आणि आपली हालचाल ५१ टक्क्यांनी जास्त. हे त्या दहा जणांचे व्यंग नव्हे. पातेल्यातून चाखलेले, मुलांच्या ताटात उरलेले, कचेरीत कुणाच्या वाढदिवसाला मिळालेले, हे कुणाच्याच हिशेबात नसते.

वजन उतरवणारी नवी औषधेही या नियमातून सुटलेली नाहीत. टिर्झेपटाइड आणि सेमाग्लुटाइड ही इंजेक्शने वजनासाठी भारतात २०२५ साली आली. सेमाग्लुटाइडच्या २०२१ च्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास घट झाली. पण वर्ष उलटल्यावर तो आलेखही सपाट होत गेला. औषध भूक दाबते, त्यामुळे ही पायरी बरीच खाली येते. येते मात्र निश्चित.

वजन करावे कसे

मुंबईच्या रेल्वे स्थानकांवर पूर्वी रंगीत दिव्यांची वजनयंत्रे असत. नाणे टाकले की पुठ्ठ्याचे छोटेसे तिकीट बाहेर पडे. एका बाजूला वजन आणि दुसऱ्या बाजूला भविष्य. दोन्हींवर सारखाच विश्वास ठेवावा, अशी त्यांची अवस्था होती. पण कपड्यांनिशी, जेवून, सकाळी नाहीतर संध्याकाळी, मनात येईल तेव्हा वजन करणाऱ्याचा घरातला डिजिटल काटाही याहून फार वेगळे काही सांगत नाही. सतराव्या शतकाच्या प्रारंभी सांतोरिओ सांतोरिओ हा इटालियन वैद्य तराजूला टांगलेल्या खुर्चीत बसून जेवत असे आणि अन्न, मल, मूत्र यांचे वजन करीत असे. जे आत गेले त्यातील निम्म्याहून अधिक वजन श्वास आणि घाम यांवाटे न कळत नाहीसे होते, असा निष्कर्ष त्याने १६१४ साली प्रसिद्ध केला. काट्यावरचा एकटा आकडा किती चंचल असतो, हे त्याला चारशे वर्षांपूर्वी उमगले होते.

सकाळी शौचानंतर, काही खाण्यापिण्याआधी, कमीत कमी कपड्यांत रोज वजन करावे आणि ते लिहून ठेवावे. पण पाहावी ती सात दिवसांची सरासरी. या आठवड्याच्या सरासरीची मागच्या आठवड्याशी, आणि त्याहून चांगले म्हणजे चार आठवड्यांपूर्वीच्या सरासरीशी तुलना करावी. रोजचा आकडा पाहून ज्यांचा दिवस बिघडतो, त्यांनी रोज वजन करूच नये. त्यांना महिन्यातून दोनदा पुरे. चार आठवड्यांची सरासरी जराही हलली नसेल आणि कंबरेचा घेरही तेवढाच असेल, तेव्हा थांबा खरा समजून आहाराची नव्याने मोजणी करावी. दहा दिवसांच्या अडणुकीवर काहीही करू नये.

कंबरेच्या मापाचा उल्लेख मुद्दाम केला. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीयांच्या शरीराविषयी जे दाखवून दिले, त्यानंतर आपल्याकडे केवळ वजनावर विसंबणे योग्य ठरत नाही. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचे आणि ब्रिटनमधील जॉन यडकिन यांचे एक छायाचित्र प्रसिद्ध झाले. दोघांचाही देहभार निर्देशांक २२.३ होता. मात्र यडकिन यांच्या शरीरातील चरबीचे प्रमाण ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. उंचीच्या मानाने वजन तेच. चरबी दुपटीहून अधिक. म्हणून भारतीयांसाठी देहभार निर्देशांक २३ च्या पुढे गेला की वजन जास्त आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा मानतात. आणि कंबर पुरुषांत ९० सेंटिमीटर, स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही मर्यादा धरतात. काटा अडलेला असताना चोळी सैल होत असेल, पट्ट्याचे एक भोक आत गेले असेल, तर चरबी जात आहे आणि पाणी किंवा स्नायू तिची जागा भरत आहेत, असे समजावे. शिवणकामाची साधी टेप या बाबतीत महागड्या यंत्राहून अधिक भरवशाची आहे. शरीरातून दुर्बल विद्युतप्रवाह सोडून चरबीचे प्रमाण सांगणाऱ्या घरगुती काट्यांचे आकडेही शरीरातील पाण्यावरच हेलकावतात, हे लक्षात ठेवावे.

पाणी तोडून वजन उतरवण्याचा प्रयत्न मात्र करू नये. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी दोन दिवसांत दोन किलो उतरतात, पण त्यांत चरबी शून्य. पोटॅशियम घसरून हृदयाचे ठोके बिघडण्याचा धोका तेवढा खरा. पाणी कमी पिण्यानेही चरबी जात नाही.

शेवटी, काही चढउतार पथ्यापाण्याच्या कक्षेत येत नाहीत. ज्यांना हृदयविकार वा मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांचे वजन दोन-तीन दिवसांत दोन किलोंनी वाढले, पाय सुजले किंवा आडवे झाल्यावर धाप लागू लागली, तर ते सोलकढीतले मीठ आहे असे मानून थांबू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. आणि कोणताही प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात वजन पाच टक्क्यांहून अधिक, म्हणजे साठ किलोच्या माणसाचे तीन किलो, कमी झाले असेल, तर क्षयरोग, मधुमेह, अवटू ग्रंथीचा विकार आणि कर्करोग यांची तपासणी लगोलग करून घ्यावी.